मोज्याचा अपराध

चीनमधील ग्वांगझू शहरी १७ नोव्हेंबर २०१० रोजी आशियाई क्रीडास्पर्धेत एका मुलीला हरविण्यात आले. ती हरली नाही, हरविण्यात आली; आणि तेही प्रतिस्पर्ध्याकडून नव्हे. तायक्वांदोच्या महिलांच्या ४९ किलो वजनगटात तैवानची यांग शू-चुन आपली पहिलीच लढत व्हिएतनामच्या वू थी हाउ हिच्याशी खेळत होती. गुणफलकावर नऊ विरुद्ध शून्य असा आकडा झळकत होता, पहिली फेरी संपावयास अवघे बारा सेकंद उरले होते, आणि लढत थांबविण्यात आली. यांगच्या पायांतील विद्युत् मोज्यांच्या टाचेपाशी नियमबाह्य संवेदक आढळले, सबब ती स्पर्धेतून बाद, असे जाहीर झाले. ती मुलगी मॅटवरच बसून राहिली. डोळ्यांतून धारा वाहत होत्या आणि उठून जावयास ती तयार नव्हती. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी साऱ्या आशियाने पाहिले.

या घटनेला आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. मग हे जुने मढे उकरून काढण्याचे प्रयोजन काय, असे आमचे वाचक विचारतील. प्रयोजन आहे, आणि ते तैपेईत नसून दिल्लीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. क्रीडा संघटनांना मान्यता देणारे एक मंडळ आणि त्यांचे तंटे सोडविणारे एक न्यायाधिकरण अशी या कायद्याची योजना आहे. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये, २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद आम्हांस द्या, असे पत्रही आपण रीतसर धाडले. खेळाडूला न्याय कोणी द्यावयाचा, केव्हा द्यावयाचा आणि कोणत्या भाषेत द्यावयाचा, हा प्रश्न अशा रीतीने आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा ठाकला आहे. त्याचे उत्तर शोधताना ग्वांगझूच्या त्या मोज्यांइतका बोलका दाखला आम्हांस दुसरा दिसत नाही.

प्रथम वस्तुस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. तायक्वांदोत आता गुण मोजण्याचे काम पंचाच्या डोळ्यांकडे राहिलेले नाही. खेळाडूच्या छातीवर विद्युत् कवच असते आणि पायांत संवेदक बसविलेले मोजे असतात. मोज्याचा ठराविक भाग कवचाला पुरेशा जोराने लागला की यंत्र गुण नोंदविते. साहजिकच मोज्यावर संवेदक कोठे आहेत याला महत्त्व येते. टाचेशी संवेदक असेल तर टाचेने मारलेली लाथही गुण देऊन जाईल, आणि ज्याच्या मोज्यांवर तो नाही त्याच्यावर अन्याय होईल. यांगचे मोजे त्याच कंपनीचे, परंतु जुन्या नमुन्याचे होते. जुन्या नमुन्यात टाचेपाशी संवेदक असत, नव्या नियमानुसार ते चालत नव्हते. तिचे साहित्य लढतीपूर्वी तपासले गेले होते आणि तेव्हाच हरकत मिटली होती, असे तैवानच्या पथकाचे म्हणणे होते. अधिकाऱ्यांची हकीकत निराळी होती.

येथवर हा एक साधा तांत्रिक वाद होता. नियमबाह्य साहित्य वापरणाऱ्या खेळाडूला स्पर्धेबाहेर काढण्याचा अधिकार पंचांना असावयासच हवा, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. नऊ गुणांची आघाडी आहे, मुलगी गुणी आहे, तिच्या डोळ्यांत पाणी आहे, म्हणून नियम वाकवावा असे आम्ही म्हणणार नाही. क्रिकेटच्या मैदानावर पंचाने बोट वर केल्यानंतर फलंदाज नव्वदीत आहे की शून्यावर आहे, हे कोणी विचारीत नाही. परंतु तपासनीस लढतीच्या आधी कशासाठी नेमलेला असतो? ज्या वस्तूचा दोष दारात पाहता येत होता तो घरात शिरल्यावर, आणि तोही पाहुणा पंक्तीत बसल्यावर दिसला, तर दारावरच्या माणसाला कोणी काही विचारावयाचे की नाही? ग्वांगझूत शिक्षा झाली ती मोजे घालणाऱ्या मुलीला. मोजे तपासणाऱ्यांचे काय झाले, याची चर्चाही झाली नाही.

आणि याहूनही गंभीर गोष्ट पुढे घडली. चौकशी व्हावयाची होती, दुसरी बाजू ऐकली जावयाची होती, तोच आशियाई तायक्वांदो संघटनेने आपल्या निवेदनाच्या मथळ्यात या प्रकाराला धक्कादायक फसवणूक असे नाव देऊन टाकले. नियमभंग हा एक शब्द आहे आणि फसवणूक हा दुसरा. पहिल्याला केवळ कृती पुरते, दुसऱ्याला हेतू लागतो. आणि हेतू सिद्ध करावयाचा तर आरोपीला बोलू द्यावे लागते. हा भेद गावच्या पंचायतीतील म्हाताऱ्यालाही कळतो. तो एका खंडाच्या क्रीडासंघटनेला कळू नये?

तैवानात काय आगडोंब उसळला हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांस आठवत असेल. तैपेईत दक्षिण कोरियाचे ध्वज जाळण्यात आले. तेथील कोरियन शाळेवर अंडी फेकण्यात आली. कोरियन मालावर बहिष्काराच्या घोषणा झाल्या. त्याच महिन्याच्या २७ तारखेला तैवानच्या पाच मोठ्या शहरांत महापौरपदाच्या निवडणुका होत्या, तेव्हा या आगीत तेल ओतण्यास राजकीय पक्षांची कमतरता नव्हती. शाळेत शिकणाऱ्या कोरियन पोरांनी यांगचे काय बिघडविले होते? अंडी फेकणाऱ्या जमावाची आम्ही तरफदारी करणार नाही. पण एवढा क्षोभ एका मोज्यापायी का व्हावा, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे.

तैवानला स्वतःच्या नावाने खेळता येत नाही. ऑलिंपिकमध्ये काय किंवा आशियाई स्पर्धेत काय, त्याचे खेळाडू ‘चिनी तैपेई’ या उसन्या नावाखाली उतरतात आणि त्यांचा खरा ध्वज तेथे फडकत नाही. अशा देशाला, किंवा ज्याला देश म्हणावयाचीही जगाला चोरी आहे अशा त्या भूमीला, पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले ते तायक्वांदोने. २६ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्स येथे चेन शिह-शिन या मुलीने आणि चू मू-येन या तरुणाने एकाच दिवशी दोन सुवर्णपदके जिंकली. तोपर्यंतच्या साऱ्या इतिहासात तैवानच्या वाट्याला एकही आले नव्हते. ज्या मॅटवर त्यांनी जगाला आपले अस्तित्व मान्य करावयास लावले, त्याच मॅटवर सहा वर्षांनी, आणि तेही चीनच्या भूमीवर, त्यांच्या मुलीला ठक म्हणण्यात आले. राग मोज्याचा नव्हताच.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक तायक्वांदो संघटनेने आपला निवाडा दिला. यांगला तीन महिन्यांची बंदी, तिच्या प्रशिक्षकाला वीस महिन्यांची, आणि तैवानच्या राष्ट्रीय संघटनेला पन्नास हजार अमेरिकी डॉलर दंड. हा निवाडा वाचून आम्हांस त्या वेळी जे वाटले तेच आजही वाटते. मुलीने खरोखरच जगाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा कट केला असेल, तर तीन महिन्यांची शिक्षा ही थट्टा होय; आणि तिने तसे काही केले नसेल, तर तिच्या नावाला चिकटविलेला फसवणुकीचा शब्द ही त्याहून क्रूर थट्टा होय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. ही मुलगी पुढे २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरली. तिला पदक मिळाले नाही. ग्वांगझूला तिच्या वजनगटातील सुवर्णपदक यजमान चीनच्या वू जिंग्यूने नेले. वू ही २००८ आणि २०१२ अशी दोन वेळा ऑलिंपिक विजेती ठरलेली असामान्य खेळाडू, तेव्हा तिच्या पदकावर शंका घेण्याचे काहीच कारण नाही. पण यांग आणि वू यांची गाठ पडली असती तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर मॅटवर मिळावयास हवे होते. ते कागदावर मिळाले.

गंमत अशी की, हे यंत्र आणले गेले होते ते पंचांच्या अन्यायावर उतारा म्हणून. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २३ ऑगस्ट हा दिवस तायक्वांदोला मोठा नामुष्कीचा ठरला. ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनने चीनच्या चेन झोंगच्या चेहऱ्यावर मारलेली लाथ पंचांना दिसलीच नाही. चित्रफीत पाहिल्यावर निकाल फिरवावा लागला आणि यजमान देशाची दोन वेळची विजेती बाहेर गेली. त्याच दिवशी क्यूबाच्या आंखेल मातोसने निकाल मान्य न होऊन थेट पंचाच्याच तोंडावर लाथ मारली आणि तो आजन्म बंदीस पात्र झाला. माणसाच्या डोळ्यांवर विश्वास उरला नाही, म्हणून विद्युत् कवच आणि चित्रफितीचा आधार यांची महती वाढली. तो निर्णय चुकीचा होता असे कोणीही म्हणणार नाही. परंतु यंत्र आले की न्याय आपोआप येतो, ही जी एक भाबडी समजूत अलीकडे सर्वत्र बोकाळली आहे, तिला ग्वांगझूने दोन वर्षांतच उत्तर दिले. यंत्राने लाथ मोजली. लाथ मारणारीची बाजू ऐकण्याचे काम यंत्राचे नव्हते, ते माणसांचे होते, आणि माणसांनी ते केले नाही. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, यंत्रामुळे खेळाचे रूपही पालटले. एक पाय सदैव वर धरून त्यानेच टोचत राहणाऱ्या खेळाला जुने जाणकार पायांची तलवारबाजी म्हणून हिणवितात. डोक्यावरील लाथेला अधिक गुण आणि गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला त्याहून अधिक, असे नियम वारंवार बदलून संघटनेला खेळात जीव ओतावा लागला आहे.

या साऱ्या प्रकरणात कोरियावर जे खापर फुटले ते कितपत रास्त? कोरियाचा या खेळाशी संबंध विलक्षण गुंतागुंतीचा आहे. तायक्वांदो ही दोन हजार वर्षांची विद्या असल्याचे तेथे अभिमानाने सांगतात, पण ‘पाय, मूठ आणि मार्ग’ अशा अर्थाचे हे नाव तिला मिळाले १९५५ साली. ते सुचविणारे सेनापती चोई होंग-ही हे जपानी अमदानीत कराटे शिकलेले होते. याच चोईंचे पुढे दक्षिण कोरियाच्या राज्यकर्त्यांशी बिनसले. १९७२ मध्ये ते कॅनडात गेले, त्यांनी स्थापन केलेल्या संघटनेची सावली उत्तर कोरियावर पडली, आणि २००२ मध्ये प्याँगयांग येथे त्यांचा अंत झाला. म्हणजे देशाची फाळणी झाली तशी खेळाचीही झाली. दुसरीकडे १९७३ मध्ये सेऊल येथे जागतिक संघटना निघाली. तिला पहिल्या अर्धशतकात दोनच अध्यक्ष लाभले आणि ते दोघेही कोरियन. पैकी पहिले, किम उन-योंग, यांनी या खेळाला ऑलिंपिकच्या दारापर्यंत नेले, आणि अपहाराच्या खटल्यात २००४ साली त्यांना शिक्षाही झाली. जन्मदात्याच्याच घरात न्यायालय असले की निकाल प्रामाणिक असला तरी ऐकणाऱ्याला तो घरचाच वाटतो. तैपेईच्या रस्त्यांवरील राग येथून आला होता.

पण कोरियाला त्याचे श्रेयही दिले पाहिजे. १९८६ मध्ये सेऊलच्या आशियाई स्पर्धेत तायक्वांदो प्रथम आले, १९९० च्या बीजिंगला ते वगळले गेले, १९९४ च्या हिरोशिमाला परतले, आणि तेव्हापासून ते आजतागायत कायम आहे. २००० साली सिडनीला त्याला ऑलिंपिकचे पूर्ण पद मिळाले. या अवधीत कोरियाने आपली विद्या तिजोरीत कुलूपबंद ठेवली नाही. गुरू जगभर पाठविले आणि शिष्यांकडून मारही खाल्ला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कोरियाला तायक्वांदोत एकही सुवर्णपदक मिळाले नाही! आणि मिळाले कोणास? थायलंडच्या पाणिपाक वोंगपट्टनाकितला, उझबेकिस्तानच्या उलुगबेक राशितोव्हला. या दोघांनी २०२४ मध्ये पॅरिसला ते पुन्हा जिंकले. व्हिएतनामचे पहिले ऑलिंपिक पदक २००० साली त्रान हिएउ न्गानने तायक्वांदोतच मिळविले. जॉर्डनचे पहिले ऑलिंपिक पदक, आणि तेही सुवर्ण, २०१६ मध्ये अहमद अबूघौशने तायक्वांदोत आणले. अफगाणिस्तानच्या रोहुल्ला निकपाईने २००८ आणि २०१२ मध्ये कांस्यपदके मिळवून आपल्या दुर्दैवी देशाला ऑलिंपिकच्या यादीत बसविले. त्याच्या खेळाची घडण इराणमधील निर्वासितांच्या छावणीत झाली होती. ज्या खेळाला मोठे मैदान लागत नाही, घोडा लागत नाही, महागडी बंदूक लागत नाही, त्या खेळाने गरीब आणि छोट्या राष्ट्रांना मान वर करावयास शिकविले.

मग आपण कोठे आहोत? आशियाई क्रीडास्पर्धांतील तायक्वांदोत भारताच्या नावावर हांगझोऊच्या २०२३ मधील स्पर्धेअखेर एक पदक होते. एक! २००२ साली बुसान येथे सुरेंद्र भंडारी यांनी मिळविलेले कांस्य. ऑलिंपिकच्या तायक्वांदोत पॅरिसपर्यंत एकही भारतीय खेळाडू पात्र ठरला नव्हता. त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट एवढीच की, हरियाणाच्या अरुणा तन्वर हिने टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये या खेळात देशाचे नाव नेले. एक अब्ज चाळीस कोटींच्या देशाची ही कमाई.

पोरे खेळत नाहीत म्हणून ही स्थिती आली, असे म्हणावे तर मुंबई-पुण्याच्या कोणत्याही वस्तीत संध्याकाळी चक्कर मारावी. सोसायटीच्या गच्चीवर, मंगल कार्यालयाच्या दालनात, शाळेच्या पटांगणात पांढऱ्या गणवेशातील मुलेमुली रांगेने लाथा झाडताना दिसतात. मध्यमवर्गीय आईबाप फी भरतात, पट्ट्याच्या परीक्षेची निराळी फी भरतात. पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा हिरवा होतो, आणि दिवाणखान्यात प्रशस्तिपत्रांची रांग लागते. दहावीचे वर्ष उजाडले की पट्टा कपाटात जातो, गणवेश बोहारणीकडे जातो. पट्ट्याचा रंग बदलणे म्हणजे खेळात पुढे जाणे, ही समजूत कोणी कोणाची करून दिली, याचा विचार आमच्या वाचकांनी घरी बसून अवश्य करावा.

त्यांतूनही एखादी जिद्दी पोर निघालीच, तर तिच्यापुढे दुसरा डोंगर उभा असतो. आपण खेळतो ती संघटना खरी कोणती? या खेळात आपल्याकडे एकाहून अधिक संघटना स्वतःला राष्ट्रीय म्हणवीत आल्या, प्रत्येकीने आपापल्या राष्ट्रीय स्पर्धा भरविल्या, प्रत्येकीने आपापली प्रमाणपत्रे वाटली, आणि मान्यतेचे वाद न्यायालयापर्यंत गेले. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही आपल्याला नवी नाहीत. अशा वातावरणात घाम गाळून मिळविलेल्या खऱ्या प्रमाणपत्रावरही कारकून संशयाने पाहतो. यांगला निदान आपण का बाद झालो हे लढतीच्या मध्येच कळले. आपल्या मुलींना ते वर्षानुवर्षे कळत नाही, आणि जेव्हा कळते तेव्हा त्यांचे वय निघून गेलेले असते.

म्हणूनच नव्या कायद्यातील न्यायाधिकरणाकडे आम्ही आशेने, पण डोळे उघडे ठेवून पाहत आहोत. न्यायालयांत वर्षे घालविण्यापेक्षा क्रीडातंट्यांसाठी स्वतंत्र पीठ असावे, आणि त्यावर अपील फक्त सर्वोच्च न्यायालयात असावे, ही कल्पना उत्तम आहे. परंतु संघटनेच्या खुर्च्यांसाठी भांडणारे वकील तेथे पहिल्या दिवसापासून रांग लावतील, यात शंका बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो बिनवकिलाच्या खेळाडूचा. निवडचाचणीतून वगळलेल्या मुलीची तक्रार स्पर्धेला विमान सुटण्यापूर्वी ऐकली जाईल काय? साहित्य नाकारले तर ते लढतीआधी, लेखी आणि सकारण नाकारण्याचे बंधन संघटनांवर राहील काय? चौकशी पुरी होण्यापूर्वी एखाद्या खेळाडूला फसवी ठरविणारे पत्रक काढणाऱ्या पदाधिकाऱ्याला काही शिक्षा आहे काय? नियमावली करणाऱ्यांनी या तीन गोष्टींची तरतूद करावी, असे आमचे सरकारला आग्रहाचे सांगणे आहे. यजमानपदासाठी लागणारी क्रीडागारे, वसतिगृहे आणि विमानतळ पैसा ओतला की उभे राहतात. २०१० साली ग्वांगझूने यांपैकी कशातही उणे राहू दिले नव्हते.